तुळजा विलासची पश्चिम भिंत

शेषगिरीकाकांनी आयुष्यातलं पहिलं अंडं फोडलं तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. भर दुपारी, तुळजा विलासच्या चौकात, धोतर गुडघ्यावर खोचून ते उकिडवे बसले, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, आणि अंडं पाट्याच्या कडेवर असं काही आपटलं की निम्मं पातेल्यात आणि निम्मं त्यांच्या जानव्यावर. मी बारा वर्षं नाटकात काढली. लढाईला निघालेले राजे पाहिले, विषाचा पेला हसत ओठाला लावणारे नायक पाहिले. पण त्या उन्हात त्या काटकुळ्या माणसाच्या तोंडावर जी हिंमत होती, तशी रंग लावून कुणाला आणता आली नाही.

ही गोष्ट १९५६-५७ सालच्या मद्रासची. आमची नाटक कंपनी दक्षिणेच्या दौऱ्यात मोडली, माझ्या यजमानांना पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि आम्ही चिंताद्रीपेटेत, कूम नदीच्या अंगाला, तुळजा विलासमध्ये दोन खोल्या घेतल्या. तंजावरहून कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांसाठी एका वकिलानं सत्तर वर्षांपूर्वी बांधलेली ती तीन मजली इमारत. मधे चौक, भोवती बारा बिऱ्हाडं. बेचाळीस साली जपानी बॉम्ब पडणार म्हणून मद्रास रिकामं झालं तेव्हा ती बाराही बिऱ्हाडं गावी पळाली आणि पुन्हा आली नाहीत. मग काही दिवस तिथं लष्कराच्या गोण्या होत्या, मग वटवाघळं. गच्चीच्या कठड्यातून पिंपळ फुटला होता. आम्ही राहायला गेलो तेव्हा सगळ्या इमारतीत माणसं म्हणून आम्हीच दोघं.

तिथं एका सकाळी छत्री, आणि छत्रीमागून शेषगिरीकाका आले. सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. खिशात घडीची फूटपट्टी. बसा म्हटलं तर आधी त्यांनी आमच्या दाराची चौकट मोजली, मग बसले. चहा पिता पिता उठून भिंतीला पालथा हात लावला, पोराचा ताप बघावा तसा, आणि म्हणाले, "सुनंदाबाई, ही अजून जिवंत आहे. मज वाटले, गेली असेल."

त्यांची मराठी तंजावरकडची. मला न म्हणता 'मज' म्हणत, नको न म्हणता 'नोको', हवं न म्हणता 'होणा', आणि वाक्य तमिळ चालीत शेवटी वर उचलत. सुरुवातीला मला हसू येई. पुढं पुढं वाटू लागलं की आपलीच भाषा कुणीतरी जुन्या पेटीत नीट घडी घालून ठेवली होती.

ते का आले होते, ते त्यांनी दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत सांगितलं. त्यांची थोरली मुलगी वसंता. अठ्ठेचाळीस साली तिला मद्रासला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. काका तेव्हा तंजावरला नोकरीवर. पंधरा दिवस मद्रासमध्ये या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे ते तिला घेऊन फिरले. कुणाची खोली लहान, कुणाकडे तरणे मुलगे, कुणी तोंडावर हो म्हणून पाठीमागे नाही. आपल्या माणसांत मुलीनं राहावं अशी जागाच नव्हती. शेवटच्या दिवशी तिनंच सांगितलं, "अप्पा, परत जाऊ." त्याच वर्षी मन्नारगुडीला तिचं लग्न झालं.

"ती मज कधी काही बोलली नाही," काका म्हणाले. "बोलली असती तर बरे झाले असते."

आता त्या वकिलाचा नातू ही इमारत आमच्या मराठी मंडळींच्या सभेला मुलींच्या वसतिगृहासाठी द्यायला तयार झाला होता. तंजावर, कुंभकोणमच्या मुली आता टेलिफोन ऑफिसात लागत होत्या, टायपिंग शिकत होत्या, कॉलेजात येत होत्या. त्याची अट एकच. सत्तावन्नच्या तमिळ 'आनि' महिन्याच्या पहिल्या तारखेला, म्हणजे जूनच्या मध्यावर, वसतिगृह चालू झालेलं दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर कागदाच्या गोदामासाठी एक व्यापारी तयारच होता, आणि तो इमारत पाडूनच गोदाम बांधणार होता. काकांनी सभेत उठून सांगितलं, "मी करतो." पगार नाही, पद नाही. रोज सकाळी आठला छत्री चौकात हजर.

पहिले सहा महिने त्यांनी काय काय केलं ते मी सांगत बसत नाही. पिंपळ मुळासकट काढला, सागवानी तुळया एकेक ठोकून कान लावून ऐकल्या, कुजलेल्या चार बदलल्या. मला वाटायचं, हा माणूस इमारतीची तालीम घेतो आहे. एकेका खोलीला तिचं काम समजावून देतो आहे.

आणि मग त्यांनी चूक केली.

पश्चिमेची भिंत नदीकडची. तिच्या आत स्वयंपाकघर आणि जेवणघर. ओल येऊन तिचा जुना गिलावा जागोजाग सुटला होता. काकांनी तो खरवडला आणि वर सिमेंट मारलं. तीस वर्षं सरकारी पूल आणि मोऱ्या बांधलेला माणूस. सिमेंटवर त्याचा देवासारखा विश्वास. भिंत गुळगुळीत, राखाडी, नवीकोरी झाली. सभेचे लोक येऊन कौतुक करून गेले. नोव्हेंबरातला पाऊस लागला आणि चौथ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते तेव्हा आत असा आवाज झाला, जसा पडद्याचा बांबू तुटून रंगमंचावर पडावा. जाऊन पाहते तर अख्खी सिमेंटची पाटी भिंतीवरून उतरून जमिनीवर. आणि मागची चुन्याची भिंत भिजून पेज झालेली.

सभा बसली. चिटणीस राममूर्तीराव मनानं चांगले, काकांना वाचवायला पुढं सरसावले. "सिमेंटमध्येच भेसळ असेल. आजकाल काय भरवसा?"

काका उभे राहिले. "सिमेंट उत्तम होते. माझी अक्कल कमी पडली. जुन्या भिंतीतल्या ओलीस बाहेर यायला वाट लागते. मी वाट बुजवली. चूक माझी."

सभेचे अध्यक्ष अप्पाजीराव, निवृत्त हेडमास्तर. त्यांचा जन्म तुळजा विलासमधला, मुंज त्याच जेवणघरात झालेली. शाळेतल्यासारखं चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "चूक कबूल केली, ठीक. आता दुरुस्ती काय?"

"ते मज माहीत नाही," काका म्हणाले. "कोणास माहीत आहे ते मज माहीत आहे."

कामावर विटा वाहणारी धनलक्ष्मी नावाची एक बाई होती. चाळिशीची, काळी, उंच, डोक्यावर बारा विटा घेऊन जिना चढताना कंबरेवरचा हातसुद्धा न हलवणारी. सिमेंट लावताना ती तोंडाला पदर लावून हसली होती. काकांनी ते पाहिलं होतं आणि तेव्हा रागही आला होता. दुसऱ्या दिवशी ते तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. बोलणं तमिळमध्ये झालं. मी मराठीत मांडते; फक्त 'अय्या', म्हणजे साहेब, तेवढं तसंच ठेवते.

"त्या दिवशी तू का हसलीस?"

"अय्या, मी कशाला हसू? तुम्ही सरकारी ओव्हरसियर."

"हसलीस. मी पाहिलं."

"हसले," ती म्हणाली. "म्हाताऱ्या बाईला रबरी कोट घातलात तुम्ही. घामानं मरेल नाही तर काय?"

"मग काय घालू?"

"माझा सासरा या कामातला कोत्तनार होता. चुन्याचा गवंडी. आरशासारखी भिंत करायचा. त्याच्या हाताखाली मी नऊ वर्षं चुना घोटला. पण अय्या, वेळ लागेल. आणि तुमच्या लोकांना चालणार नाही."

वेळ किती, ते आधी ठरलं. चुना दोन-तीन महिने पाण्यात मुरवायचा, वाळूबरोबर वाटायचा, गुळाचं आणि हिरड्याचं आंबवलेलं पाणी घालायचं, मग पातळ पातळ थर. डिसेंबरात चौकात खड्डे खणून चुना भिजत घातला. आणि काय चालणार नाही, ते धनलक्ष्मीनं जानेवारीत सांगितलं. वरच्या शेवटच्या थरात दही आणि अंड्याचा पांढरा बलक.

काकांनी तिला एक हातभर जागा अंड्याशिवाय करून दाखवायला सांगितली. दिसायला सुरेख झाली. मग तिथं त्यांनी आठ दिवस रोज शेगडीवर पाण्याचं भांडं उकळत ठेवलं. नवव्या दिवशी हात फिरवला तर तळवा पांढरा. स्वयंपाकाच्या वाफेपुढं ती टिकणारी नव्हती. काकांनी तळवा धोतराला पुसला.

राममूर्तीराव आमच्याच खोलीत बसून त्यांना समजावत होते. "अहो शेषगिरी, भिंतीच्या पोटात काय आहे ते कोण विचारतो? तुम्ही करून टाका. अप्पाजीराव स्वतः मज बोलले, 'मज काही सांगू नोको, मी काही पाहिले नाही.' याचा अर्थ काय?"

"अर्थ कळतो."

"मग?"

"मुलींच्या आजीस आपण सांगणार, सोवळ्याचे स्वयंपाकघर आहे, निर्धास्त पाठवा. पहिल्याच दिवशी खोटे बोलून दार उघडू? माझ्या वसंतास पंधरा दिवस लोक गोडगोड खोटे बोलले राममूर्ती. मज त्या लोकांत बसायचे नाही."

"अय्यो, तुम्हास अंडे नोको, खोटे नोको, आणि भिंत मात्र होणा!" राममूर्तीराव कपाळावर हात मारून उठले.

काकांनी सभेत उघड विचारलं. जे व्हायचं ते झालं. अप्पाजीरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ज्या जेवणघरात माझी मुंज झाली, ज्यात माझ्या वडिलांचे श्राद्धाचे ब्राह्मण जेवले, त्यास कोंबडीचे अंडे फासू? मी जिवंत असेतो नाही." विषय संपला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. चुना खड्ड्यात लोण्यासारखा मुरत होता, काका रोज येऊन वरचं पाणी बघत, बाकीच्या खोल्यांची दारं-खिडक्या करत, आणि पश्चिमेकडे जातच नसत. भवानीकाकू, त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "हे झोपेत मोजतात ग. आनिस किती दिवस राहिले ते."

एप्रिलच्या सुरुवातीला धनलक्ष्मीनं तिच्या सासूला आणलं. चुना नीट मुरला की नाही हे त्या म्हातारीइतकं कुणाला कळत नाही म्हणून. ऐंशी वर्षांची, पाठीतून वाकलेली. तिनं चुना दोन बोटांत चोळला, जिभेच्या टोकाला लावला, थुंकली आणि मान डोलावली. अप्पाजीराव त्याच सकाळी सभेच्या कागदांवर सह्या करायला आले होते आणि ओट्यावर, तिथं तिण्णै म्हणतात तिच्यावर, बसले होते. म्हातारी इकडं तिकडं बघत एकदम म्हणाली, "अग, हेच ते घर!"

"कुठलं घर?" धनलक्ष्मीनं विचारलं.

"अंड्यांचं घर! मी इतकी होते. इथं, या चौकात, माझी आई आणि आम्ही पोरी बसून अंडी फोडायचो. पांढरं या हंड्यात, पिवळं त्या हंड्यात. वरच्या सज्ज्यातून मालकीणबाई नाकाला पदर लावून ओरडायची, 'झाकण ठेवा, झाकण ठेवा!' पंधरा दिवस आमच्या गल्लीत पिवळ्याचंच कालवण. माझा धाकटा भाऊ तेव्हा जो जाडा झाला तो कायमचा." ती बोळक्या तोंडानं खदखदून हसली.

सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं. अप्पाजीरावांना तमिळ आईच्या दुधाइतकी येत होती. एकही शब्द निसटला नव्हता. मी नाटकात अनेक गौप्यस्फोट पाहिले, पण ज्याच्यावर स्फोट होतो त्याच्या मदतीला धावणारा माणूस प्रथमच पाहिला. काका घाईघाईनं म्हातारीपुढं आले. "पाटी," ते म्हणाले, पाटी म्हणजे आजी, "तुम्हाला आठवत नसेल, दुसरं कुठलं घर असेल."

"माझ्या आठवणीवर शंका घेऊ नका अय्या. देवळीच्या खाली डाव्या हाताला माझ्या बापानं बोट बुडवून मोर काढला होता. ओल्या चुन्यात."

मोर होता. जेवणघराच्या चौकाकडच्या भिंतीवर, जिचा गिलावा खरवडला नव्हता; बोटभर उंचीचा. आम्ही सगळ्यांनी तो पाहिलेला होता, आणि अप्पाजीरावांनी तर लहानपणी त्याच्यावर पेन्सिलीनं मिशा काढून मार खाल्ला होता. ते त्यांनीच नंतर सांगितलं. काका त्यांच्याजवळ जाऊन हळू म्हणाले, "मी तिला बोलावले नव्हते. म्हणजे बोलावले, पण चुन्यासाठी. मज माहीत नव्हते."

"ते मज कळते," अप्पाजीराव म्हणाले. "तुम्हास तेवढे नाटक येत नाही." मग, "म्हणजे मुंजीच्या दिवशी मी ज्यास टेकून भिक्षा मागितली, तीच ही भिंत."

"होय."

"आणि गायत्री तरी फळली मज. चाळीस वर्षे शाळेत काढली, हेडमास्तर झालो." त्यांनी काठी उचलली. "सभेस मी सांगतो. तुम्ही बोलू नका. तुम्ही बोललात की माणसास नाही म्हणावेसे वाटते."

अशी परवानगी मिळाली. पण अंडी फोडणार कोण? धनलक्ष्मीचे दोन हात घोटायला हवे होते, आणि सभेच्या घरांतून कुणी त्या पातेल्याजवळ फिरकेना. काका बसले. रोज दोन टोपल्या. पहिल्या दिवशी जानव्यावर, दुसऱ्या दिवशी चष्म्यावर. धनलक्ष्मी ओरडायची, "अय्या, पिवळं मिसळलंत! एका थेंबानं सगळा हंडा नासतो!" आणि हा सरकारी ओव्हरसियर मान खाली घालून पुन्हा सुरुवात करायचा. आठवड्यात हात असा बसला की एका टिचकीत पांढरं वेगळं, पिवळं वेगळं. पिवळ्याचे हंडे धनलक्ष्मीच्या वस्तीत जात. संध्याकाळी भवानीकाकू त्यांना घराबाहेरच्या नळावर आंघोळ करायला लावत, आणि शेजारच्या बायका खिडकीतून बघत.

भिंत पुरी होत आली. गुळगुळीत दगडानं धनलक्ष्मी ती घोटत असे तेव्हा तिचं तोंड तिच्यात दिसे. अशी भिंत पहिले काही दिवस घामेजते. बारीक थेंब येतात ते मऊ कपड्यानं पुन्हा पुन्हा टिपावे लागतात, नाहीतर डाग पडतो. दिवसभर टिपणार कोण म्हणून मी एकटीच लागले होते. तिसऱ्या दिवशी भवानीकाकू जुनं धोतर फाडून घेऊन आल्या. म्हणाल्या, "अंड्यास नाही म्हटले मी. घामास काय?" त्यांच्यामागं आणखी चार-पाच जणी आल्या.

मेच्या अखेरीला कॉर्पोरेशनचे इंजिनियर येऊन इमारत राहण्यायोग्य म्हणून लिहून गेले. सगळ्यांना वाटलं, संपलं. काकांना वाटलं नाही. ज्या अकरा मुलींचे अर्ज आले होते त्यांच्या घरी त्यांनी पत्रं लिहिली. मजकूर मराठी, अक्षरं तमिळ, कारण गावाकडे देवनागरी सगळ्यांना वाचता येईलच असं नव्हतं. 'स्वयंपाकघराच्या आणि जेवणघराच्या भिंतींच्या वरच्या थरात अंड्याचा पांढरा भाग आहे. अन्नात कधी असणार नाही. चालत नसेल तर कळवावे, राग नाही.'

राममूर्तीराव ताडकन उठले. "आता कशास? सभेने मान्य केले, इंजिनियरने मान्य केले! एकही मुलगी आली नाही तर? इमारत जाईल शेषगिरी!"

"जाईल," काका म्हणाले. "तीच भीती मजही आहे."

दोन पत्रांचं उत्तर आलं. एकात साधा नकार. दुसऱ्यात नकार, आणि त्यानंतर संस्कृत श्लोक, अर्थात शापाचे. बाकी नऊ घरांतून काहीच नाही.

आनिची पहिली तारीख उजाडली. दाराला आंब्याची पानं, पायरीवर कोलमची रांगोळी. अप्पाजीराव कोट-पगडी घालून खुर्चीत. वकिलाचा नातू दुसऱ्या खुर्चीत, सारखं घड्याळ बघत. तंजावरची गाडी सकाळी एग्मोरला येते. एग्मोर तिथून जवळच. सात वाजले, आठ वाजले. नऊ वाजता नातवानं घसा खाकरला. "मास्तर, मी काही दुष्ट नाही, पण—" अप्पाजीराव म्हणाले, "गाडी उशिरा असते." काका फाटकाशी उन्हात उभे होते. छत्री बंद. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. ते हातात धरून राहिले.

साडेनऊला एक जटका, म्हणजे एका घोड्याची गाडी, गल्लीत वळला. थांबला. आधी एक नऊवारीतली आजी उतरली, हातात पाण्याचा तांब्या. मग लोखंडी ट्रंक. मग सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी, प्रवासानं चुरगळलेली, डोळे मोठे. कुंभकोणमची विद्युलता.

"शेषगिरीराव कोण?" आजीनं विचारलं.

काका पुढं झाले.

"पत्र तुम्हीच लिहिले ना? भिंत दाखवा."

काकांनी चपला काढल्या आणि तिला आत नेलं. आम्ही सगळे मागं मागं. जेवणघरात सकाळचं ऊन तिरपं येत होतं आणि ती पांढरी भिंत तळ्याच्या पाण्यासारखी चमकत होती. आजीनं आधी नाकानं वास घेतला. मग तळवा टेकला. मग, आम्ही बघत असताना, गाल टेकला. जूनच्या मद्रासमध्ये रात्रभर गाडीत बसून आलेली बाई ती. डोळे मिटून तशीच उभी राहिली.

"आजी," काका म्हणाले, "यात आहे. मी लपवत नाही. तुम्हास नोको असेल तर परतीच्या गाडीचे मी बघतो."

"सात जणांस विचारले मी," आजी डोळे न उघडता म्हणाली. "कोणी म्हणे पाठवू नका, भिंतीत अंडे आहे. मी म्हटले, जो माणूस भिंतीतले अंडे सांगतो तो मुलीस ताप आला तर तेही कळवील." तिनं गाल काढला, पदर सारखा केला. "आम्ही काय भिंत खायला आलो? ट्रंक कोठे ठेवू ते सांगा."

काकांनी फाटकाशी जाऊन, वाकून ट्रंक स्वतः उचलली. राममूर्तीराव "अहो, अहो" म्हणत धावले, तोवर ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते. "वर," ते कसेबसे म्हणाले, "डावीकडे. दहा बाय बारा. खिडकी पूर्वेस आहे." बाहेर आणखी दोन जटके येऊन थांबले होते आणि अप्पाजीराव कोणालातरी हाका मारत होते, पण काकांनी वळून पाहिलं नाही. ते ट्रंक घेऊन एकेक पायरी चढत होते, आणि विद्युलता त्यांच्या मागून, भिंतीला हात लावत लावत.